हॅलीचा धूमकेतू: ७६ वर्षांचं गणित जुळत का नाही?

माण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. वर्गात त्यांनी सांगितलं की हॅलीचा धूमकेतू दर ७६ वर्षांनी येतो. एका मुलाने लगेच वहीत गणित मांडलं. १९८६ मध्ये ७६ मिळवले तर २०६२ येतात, पण सगळीकडे २०६१ छापलेलं असतं. मागे जायचं तर १९१० जुळतं, त्यामागचं १८३४ यायला हवं तिथे १८३५ आहे, आणि त्यामागचं १७५९ पुन्हा बरोबर जुळतं. "कक्षा ठरलेली आहे, तर वेळ का बदलते?" असं त्या पोराने विचारलं. बाईंना उत्तर देता आलं नाही. शिवाय धूमकेतूच्या कक्षेचा तक्ता करायचाय, तो कसा करावा, हाही प्रश्न आहे.

बाई, पहिल्यांदा त्या मुलाला शाबासकी द्या. त्याने जे विचारलं त्यावर खुद्द एडमंड हॅली अडला होता. मी गेली चाळीस वर्षं धूमकेतू बघतोय आणि त्यांच्या कक्षांची गणितं करतोय. कार्यक्रमांत हजार वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "परत कधी येणार?" "मागच्या तारखा एकसारख्या का नाहीत?" हे मात्र फार क्वचित कोणी विचारतं.

थोडक्यात सांगायचं तर कक्षा ठरलेली नसते. पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, ती पुढच्या वर्षीही तेवढ्यातच फिरेल. धूमकेतूचं तसं नाही. प्रत्येक फेरीत तो सूर्याजवळून जाताना पुढच्या फेरीची लांबी नव्याने ठरते. ७६ हा त्या सगळ्या फेऱ्यांचा ढोबळ आकडा आहे. मुंबईहून कोल्हापूरला जायला "आठ-नऊ तास लागतात" असं आपण म्हणतो, तितपतच.

प्रत्यक्ष तारखा बघा. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या बिंदूला, म्हणजे उपसूर्य बिंदूला, हॅलीचा धूमकेतू १५ सप्टेंबर १६८२, १३ मार्च १७५९, १६ नोव्हेंबर १८३५, २० एप्रिल १९१० आणि ९ फेब्रुवारी १९८६ या दिवशी होता. पुढची तारीख २८ जुलै २०६१ आहे. यांतली अंतरं काढली तर अनुक्रमे साडेशहात्तर, पावणेसत्त्याहत्तर, ७४.४, ७५.८ आणि साडेपंचाहत्तर वर्षं येतात. आणखी मागे गेलं तर इसवी सन ४५१ ते ५३० ही फेरी तब्बल सव्वाएकोणऐंशी वर्षांची होती. १८३५ ते १९१० ही आजवरच्या नोंदींतली सगळ्यात आखूड फेरी. पण २०६१ नंतरची त्याहून आखूड असणार आहे, कारण त्यापुढचा उपसूर्य मार्च २१३४ मध्ये, म्हणजे ७३ वर्षंही पुरी व्हायच्या आत आहे. इतका फरक पडत असेल तर तो उगाच पडत नसणार.

आधी तक्ता करून घेऊ, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर १ सेंमी माना. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या एकमेकींपासून साडेचौतीस सेंमीवर रोवा. ७०.२ सेंमी लांबीच्या दोऱ्याचं बंद वेटोळं करून ते दोन्ही टाचण्यांभोवती टाका, पेन्सिलने ताणून धरा आणि फिरवा. जी आकृती उमटेल ती पावणेछत्तीस सेंमी लांब आणि जेमतेम नऊ सेंमी रुंद असेल. भेंडीसारखी म्हणा हवं तर. एका टाचणीवर सूर्य लिहा. दुसऱ्या टाचणीवर काहीही लिहू नका, तिथे काही नसतं. मुलं हमखास सूर्य मधोमध काढतात. इथे तो टोकापासून फक्त ६ मिलिमीटरवर आहे. आता सूर्याभोवती १ सेंमी त्रिज्येचं पृथ्वीचं वर्तुळ काढा, ५.२ सेंमीचं गुरूचं आणि कागद पुरला तर ३० सेंमीचा नेपच्यूनचा कंस. धूमकेतूचं लांबचं टोक नेपच्यूनच्याही पाच सेंमी पलीकडे जाईल.

दोऱ्याने एक गोष्ट मात्र दाखवता येत नाही. ही भेंडी ग्रहांच्या पातळीत झोपलेली नाही, ती सुमारे १८ अंशांनी तिरकी आहे आणि धूमकेतू तीवर ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. पुठ्ठ्यावरची भेंडी कापून घ्या, ग्रहांच्या कागदाला तिरकी चीर पाडा आणि ती तीत खोचा. माझ्याकडे असा एक नमुना आहे, शेवटी चिकटपट्टीनेच उभा राहिलाय, पण शाळेत नेला की व्याख्यानापेक्षा त्याच्याभोवतीच गर्दी जास्त होते.

या तक्त्यावर बोट फिरवताना मुलांना वेगाची कल्पना द्या. सूर्याजवळच्या टोकाला धूमकेतू सेकंदाला साडेचोपन्न किलोमीटर वेगाने जातो. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर पावणेतीन सेकंदांत. दूरच्या टोकाला त्याचा वेग सेकंदाला ०.९१ किलोमीटर उरतो, तिथे त्याच अंतराला पावणेतीन मिनिटं लागतील. बरोबर साठपट फरक, कारण अंतरातही साठपट फरक आहे. त्यामुळे काळाची वाटणी फार विषम होते. पंचाहत्तर वर्षांपैकी सुमारे ३५ वर्षं तो नेपच्यूनपेक्षाही लांब असतो. गुरूच्या अंतराच्या आत तो जेमतेम सव्वादोन वर्षं येतो आणि पृथ्वीच्या अंतराच्या आत फक्त अडीच महिने. ९ डिसेंबर २०२३ ला तो दूरच्या टोकाला वळसा घालून परत फिरला. त्या रात्री मी उगाचच गच्चीवर गेलो होतो. प्रश्वा तारा आणि वासुकीचं डोकं यांच्या मधल्या जागेकडे बघत बसलो. दिसण्यासारखं काही नव्हतं, मोठ्या दुर्बिणीलाही ते सोपं नाही. २००३ मध्ये चिलीतल्या ८ मीटरच्या दुर्बिणींनी त्याचा फोटो घेतला होता, तेव्हा तो २८ सेंमीवर होता. आपल्या तक्त्यातले सेंमी.

आता मुख्य मुद्दा. चेंडू वर फेका. जोरात फेकला तर जास्त उंच जातो आणि उशिरा परत येतो. धूमकेतूचंही तसंच आहे. सूर्याजवळून तो ज्या वेगाने बाहेर पडतो, त्यावर तो किती लांब जाणार आणि कधी परतणार हे ठरतं. लांब जाणारा उशिरा येतो, हा केप्लरचा तिसरा नियम. कक्षेच्या लांबीच्या निम्म्याचा, म्हणजे आपल्या तक्त्यातल्या १७.८ चा, घन करा आणि त्याचं वर्गमूळ काढा. ७५ च्या जवळपास उत्तर येईल. नववीच्या मुलांना कॅल्क्युलेटरवर हे करता येतं, त्यांना मजाही वाटते.

पण हा वेग किती नाजूक आहे ते गणित केल्याशिवाय पटत नाही. समजा उपसूर्य बिंदूला धूमकेतूचा वेग सेकंदाला फक्त एक मीटरने वाढला. साडेचोपन्न हजार मीटरमध्ये एक मीटर. एक मीटर म्हणजे आपण बाजारातून पिशवी घेऊन रमत येतो तो वेग. तेवढ्याने कक्षेच्या निम्म्या लांबीत सुमारे ०.०४ सेंमीची भर पडते आणि परत येण्याची वेळ पुढे जाते सुमारे ९० दिवसांनी. तीन महिने! मी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा दशांश चिन्ह चुकलं असं समजून तीनदा तपासलं होतं. ही कक्षा इतकी लांबट आहे की धूमकेतू सूर्याच्या ओढीतून सुटण्याच्या अगदी काठावर असतो. आणि काठावरच्याला बोट लावलं तरी पुरतं.

मग बोट कोण लावतं? मुख्यतः गुरू. पण "गुरू धूमकेतूला ओढतो" एवढं सांगून भागत नाही, कारण मुलं विचारतात की धूमकेतू गुरूच्या जवळून गेलाच नाही तर? हॅलीच्या धूमकेतूची कक्षा तिरकी आणि उलटी आहे, त्यामुळे तो गुरूच्या अगदी अंगावरून असा जात नाही. तरीही फरक पडतो, आणि त्याची गंमत गुरूपेक्षा सूर्यातच जास्त आहे. सूर्य स्थिर नाही. गुरूचं वस्तुमान सूर्याच्या हजाराव्या भागाएवढं असलं तरी तो ७८ कोटी किलोमीटर लांब आहे, त्यामुळे सूर्य आणि गुरू दोघेही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात आणि तो बिंदू सूर्याच्या पृष्ठभागाच्याही जरासा बाहेर पडतो. या गिरकीत सूर्याचा वेग असतो सेकंदाला साडेबारा मीटर. तासाला ४५ किलोमीटर, म्हणजे घाट चढणाऱ्या एसटीपेक्षा थोडा जास्तच.

लांबून येणाऱ्या धूमकेतूला ही जोडी एकत्रच जाणवते, तो सामाईक बिंदूकडे घसरत येतो. जवळ आल्यावर मात्र त्याला वळवतो तो एकटा सूर्य, आणि सूर्य त्या क्षणी एसटीच्या वेगाने कुठल्या तरी बाजूला चाललेला असतो. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हे लगेच कळतं. चेंडूच्या दिशेने येणारी बॅट लागली तर चेंडू वेगाने परततो, मागे जाणारी लागली तर मंद होतो. गुरू त्या वेळी कुठल्या बाजूला आहे यावर सूर्याची बॅट कुठे चाललीय हे ठरतं. एका मीटरला तीन महिने, तर काही मीटरला किती, याचा हिशेब मुलांनाच करू द्या. फेऱ्या साडेचौऱ्याहत्तर ते सव्वाएकोणऐंशी वर्षांत का पसरल्यात ते आपोआप उलगडतं. गुरूची फेरी १२ वर्षांची आहे आणि धूमकेतूची ७५-७६ ची, त्यामुळे दर वेळी गुरू वेगळ्याच जागी सापडतो. यात शनी आपली भर घालतो, तीही वेगळ्या तालात.

हॅलीला ही सूर्याची गिरकी अशी माहीत नव्हती, पण त्याची शंका नेमकी होती. त्याने २४ धूमकेतूंच्या कक्षा काढून १७०५ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत १५३१, १६०७ आणि १६८२ चे तीन धूमकेतू जवळजवळ एकाच वाटेने गेले होते. १६८२ चा त्याने स्वतः पाहिला होता, १६०७ च्या नोंदी केप्लरच्या होत्या. पण १५३१ ते १६०७ आणि १६०७ ते १६८२ ही अंतरं सारखी नव्हती. एकदा ७६ पेक्षा थोडं जास्त, एकदा ७५ पेक्षा थोडं कमी. तुमच्या विद्यार्थ्याची तक्रार अगदी हीच. दुसऱ्या कोणी असतं तर "तीन वेगळे धूमकेतू" म्हणून वही मिटली असती. हॅलीने म्हटलं की शनीच्या गतीतही गुरूमुळे फरक पडतो, मग ग्रहांपलीकडे जाऊन येणाऱ्या धूमकेतूच्या गतीत तो कितीतरी जास्त पडणार. त्याने १७५८ च्या अखेरीस परतीचं भाकीत केलं आणि १७४२ मध्ये तो वारला. माझ्या मते त्याचं मोठेपण भाकितात कमी आणि आकडे जुळत नसताना ते न लपवण्यात जास्त आहे. शाळेत मात्र भाकितच सांगतात.

नेमकी तारीख काढायचं काम पॅरिसमध्ये झालं. गणिताची पद्धत अलेक्सी क्लेरोची, आकडेमोड जेरोम लालांद आणि निकोल-रेन लेपोत यांची. दीडशे वर्षांच्या काळात गुरू आणि शनी कधी कुठे होते आणि त्यांनी धूमकेतूला किती ओढलं, याचा हप्त्याहप्त्याने हिशेब करायचा होता. सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवतानासुद्धा, ही आकडेमोड चालली असं लालांदने लिहून ठेवलंय. नोव्हेंबर १७५८ मध्ये उत्तर जाहीर झालं. गुरूमुळे ५१८ दिवसांचा आणि शनीमुळे १०० दिवसांचा उशीर होणार, उपसूर्य १७५९ च्या एप्रिलच्या मध्यावर, महिनाभर इकडेतिकडे. धूमकेतू १३ मार्चला पोचला. युरेनस आणि नेपच्यून तेव्हा कोणाला माहीतही नव्हते. पुढे क्लेरोने आपल्या पुस्तकात लेपोतबाईंचं नाव गाळलं. हे मात्र मुलींना आवर्जून सांगा.

तेच काम मी नव्वदच्या दशकात घरच्या संगणकावर केलं, तेही अडखळत. पहिल्यांदा आळस करून फक्त सूर्य घातला, ग्रह घेतलेच नाहीत. १९८६ च्या कक्षेवरून धूमकेतू मागे पळवला. १९१० चा उपसूर्य फेब्रुवारीत आला, खरा एप्रिलमध्ये होता, दोन महिन्यांची चूक. मला वाटलं, ठीक आहे. त्यामागचा १८३४ च्या फेब्रुवारीत आला, म्हणजे पावणेदोन वर्षांची चूक. त्यामागचा १७५८ मध्ये. थोडक्यात, मी संगणक लावून तुमच्या विद्यार्थ्याने वहीत केलेली बेरीज-वजाबाकीच केली होती. मग गुरूपासून एकेक ग्रह घालत गेलो. गुरू घातल्याबरोबर तारखा सरकून जागेवर यायला लागल्या, शनीने आणखी जवळ आणल्या, आणि शेवटी फरक दिवसांत मोजण्याइतका उरला. तो काही केल्या जाईना. पायरी लहान केली, दशांश वाढवले, तरी जाईना. जाणारही नव्हता, कारण तो ग्रहांचा नव्हताच.

या उरलेल्या दिवसांनी माझ्याआधी मोठमोठ्यांना छळलंय. १९१० साठी ग्रिनिचच्या काउएल आणि क्रॉमेलिन यांनी फार काटेकोर गणित केलं होतं, तरी धूमकेतू सुमारे तीन दिवस उशिरा पोचला. १८३५ मध्येही गणितापेक्षा उशीरच झाला होता. दर फेरीला साधारण चार दिवस, आणि नेहमी उशिराच्याच बाजूला. आकडेमोडीतली चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. सारखी एकाच बाजूला पडायला लागली की समजायचं, आपण काहीतरी हिशेबात धरलेलंच नाही.

याचा सुगावा दुसऱ्याच धूमकेतूकडून लागला. एन्केचा धूमकेतू फक्त ३.३ वर्षांनी येतो, आणि तो उलट दर फेरीला दोनअडीच तास लवकर यायचा. योहान एन्केला वाटलं की अवकाशात काहीतरी विरळ माध्यम आहे, ते धूमकेतूला अडवतं. अडवलं की वेग कमी, वेग कमी की कक्षा लहान, कक्षा लहान की लवकर परत. तर्क बरोबर होता. पण त्याच माध्यमाने हॅलीच्या धूमकेतूला उशीर कसा होईल? अडवणारी गोष्ट एकाला अडवून दुसऱ्याला ढकलणार नाही.

उत्तर १९५० मध्ये फ्रेड व्हिपलने दिलं. धूमकेतूचा केंद्रक म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्याची ऊब लागली की बर्फाची थेट वाफ होते आणि ती ज्या बाजूने फुसकन बाहेर पडते त्याच्या उलट बाजूला गोळ्याला रेटा बसतो. दिवाळीत फुग्याचं तोंड सोडून देतो तसंच. आता हा रेटा सरळ सूर्यापासून लांब बसला असता तर फार बिघडलं नसतं. पण गोळा स्वतःभोवती फिरतोय, आणि आपल्याकडे ऊन बाराला नाही तर दोन-अडीचला सगळ्यात जास्त भाजतं. तसंच तिथेही. सर्वांत जास्त वाफ भर दुपारी नाही, कलत्या दुपारी निघते. गोळा ज्या दिशेने सूर्याभोवती जातोय त्याच दिशेने गिरकी घेत असेल तर कलत्या दुपारची बाजू पाठीमागे येते, वाफ मागे सुटते आणि धूमकेतू पुढे ढकलला जातो. उलटी गिरकी असेल तर वाफ पुढे सुटते आणि त्याला ब्रेक लागतो. हे चित्र सोपं करून सांगितलेलं आहे, खऱ्या केंद्रकावर वाफेची भोकं कुठे आहेत यानेही फरक पडतो. पण एकाला उशीर आणि दुसऱ्याला घाई का होते ते यातून सुटतं.

इथे वर्गात एक कोडं घाला. हॅलीच्या धूमकेतूला रेटा पुढे बसतो, तरी तो उशिरा येतो. कसं काय? ज्याने चेंडूचं उदाहरण नीट ऐकलंय तो सांगेल. चार दिवसांचा उशीर म्हणजे एका मीटरला नव्वद दिवस या हिशेबाने सेकंदाला चार-साडेचार सेंटिमीटर. पंधरा किलोमीटर लांबीच्या गोळ्याला एवढासा धक्का, गोगलगायीपेक्षा जास्त पण मुंगीच्या बरोबरीचा.

१४ मार्च १९८६ च्या रात्री युरोपचं जोत्तो हे यान केंद्रकापासून ५९६ किलोमीटरवरून गेलं. फोटोंत बटाट्यासारखा, कोळशाहून काळा गोळा दिसला आणि सूर्याकडच्या बाजूने उसळणारे झोत. व्हिपल तेव्हा हयात होता, त्याला ते बघायला मिळाले. माझ्यासारख्यांना ते काही वर्षांनी छापील पुस्तकात बघायला मिळाले, आणि "हेच ते माझे चार दिवस" असं झालं.

आता तुमच्या पुस्तकातल्या आकड्याकडे येऊ. धूमकेतूच्या कोष्टकात आवर्तकाळ लिहिलेला असतो, पण त्याशेजारी एक तारीखही असते आणि ती कोणी वाचत नाही. फेब्रुवारी १९८६ ची कक्षा घेतली तर आवर्तकाळ ७६.० वर्षं निघतो. १९९४ ची घेतली तर ७५.३. तोच धूमकेतू, तीच फेरी, आठ वर्षांत फरक. कारण तो आकडा म्हणजे "या क्षणी सगळे ग्रह गायब झाले तर हा किती वर्षांनी परतेल" याचं उत्तर असतं. ग्रह गायब होत नाहीत. म्हणून ७६ घेऊन बेरीज करणं जितकं चुकीचं, तितकंच ७५.३ घेऊन करणंही. तारीख हवी असेल तर पूर्ण गणितातून आलेली तारीखच घ्यायची.

मागच्या बाजूला हे गणित किती दूर नेता येतं? इसवी सन पूर्व २४० ची नोंद चिनी इतिहासात आहे. इसवी सन पूर्व १६४ ची बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर आहे, त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण वाटेत ८३७ साल आडवं येतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये धूमकेतू पृथ्वीपासून फक्त ५० लाख किलोमीटरवरून गेला, चंद्राच्या तेरापट अंतरावरून. तेवढ्या जवळून गेल्यावर पृथ्वीनेही बोट लावलंच. त्या भेटीच्या तपशिलात आज जरा चूक झाली की त्याआधीच्या तारखा भराभर भरकटतात. डोनाल्ड येओमन्स आणि ताओ कियांग यांनी १९८१ मध्ये यावर जी युक्ती केली ती मला फार आवडते. जुन्या चिनी निरीक्षकांच्या नोंदींवरून त्यांनी ८३७ ची कक्षा अगदी किंचित दुरुस्त केली आणि मग तिथून गणित आणखी मागे नेलं. संगणकाला चुकलेली वाट हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी ज्योतिष्यांनी दाखवली.

आणि ज्यांना हॅलीच्या धूमकेतूचं वागणं लहरी वाटतं त्यांना लेक्सेलच्या धूमकेतूची गोष्ट सांगा. १७६७ मध्ये गुरूने त्याला साडेपाच वर्षांच्या कक्षेत ओढलं, १ जुलै १७७० ला तो पृथ्वीपासून सुमारे २२ लाख किलोमीटरवरून गेला, आणि १७७९ मध्ये गुरूनेच त्याला असा भिरकावला की तो पुन्हा दिसलाच नाही. त्याच्या तुलनेत आपला हॅली फार शिस्तीचा.

तक्त्याबद्दल राहिलेल्या दोन गोष्टी. शेपटी मागे लोंबती काढू नका. ती सूर्यापासून लांब जाणारी असते, त्यामुळे परतताना धूमकेतू शेपटी पुढे करून चाललेला दिसायला हवा. आणि मुलांना काहीतरी प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेतीन-चारला पूर्वेकडे कुंभ राशीच्या दिशेला बघायला सांगा. तिथून येणाऱ्या उल्का हॅलीच्या धूमकेतूनेच मागच्या फेऱ्यांत सांडलेल्या धुळीच्या आहेत. त्या सेकंदाला ६६ किलोमीटरने शिरतात, कारण ही धूळ उलट्या दिशेने येते आणि पृथ्वीला समोरासमोर धडकते. तुम्ही चीर पाडून खोचलेल्या पुठ्ठ्याचा इथे उपयोग होईल. ऑक्टोबरच्या २१-२२ ला मृग नक्षत्राजवळून येणाऱ्या उल्काही त्याच्याच, पण तेव्हा कधीकधी परतीचा पाऊस असतो.

१९८६ ला मी कॉलेजात होतो. मार्चच्या एका पहाटे आम्ही पन्नासेक माणसं घेऊन डोंगरावर गेलो होतो. वर्तमानपत्रांनी वर्षभर इतकं लिहिलं होतं की लोक चादरी, थर्मास, लहान मुलं घेऊन आले होते. दक्षिणेकडे खाली एक पुसट ठिपका आणि त्याला आलेली धुरकट रेघ दिसली. एक आजोबा म्हणाले, "यापेक्षा आमच्या चुलीतून जास्त धूर निघतो." त्या वेळचा योगच वाईट होता. उपसूर्याच्या दिवशी धूमकेतू सूर्याच्या पलीकडे आणि पृथ्वी अलीकडे होती, आणि नंतर एप्रिलमध्ये तो जवळ आला तेव्हा इतका दक्षिणेला होता की आपल्याकडून क्षितिजापासून फार वर चढला नाही.

२०६१ ला पृथ्वी आणि धूमकेतू सूर्याच्या एकाच बाजूला असतील, त्यामुळे तो १९८६ पेक्षा खूपच तेजस्वी दिसायला हवा. अडचण वेगळीच आहे. २८ जुलै म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा. कोकणात, सह्याद्रीच्या माथ्यावर, पुण्यामुंबईत ढगांखाली छत्र्या धरून लोक चरफडत बसतील. तुमचा माण तालुका पर्जन्यछायेत आहे, बाई. जुलैत तिथे आभाळ भरून येतं पण रात्री अधूनमधून मोकळंही मिळतं. तुमची आठवीतली मुलं तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. तक्त्याच्या कोपऱ्यात ७६ च्या ऐवजी ती तारीख लिहा, आणि त्या गणित मांडणाऱ्या पोराला सांगा की शाळेमागचा माळ तेवढा राखून ठेव, मुंबईकर विचारायला येतील.